हिराकाकींचं इन्व्हाइट

अरे, हे ऐकाच. करंजाड्यात आम्ही मुलींसाठी मोफत अभ्यासिका सुरू केली, त्या सकाळची गोष्ट. खोली गावातल्या हिराकाकींनी दिलेली आणि उद्घाटनाच्या वेळी दाराला त्यांचंच कुलूप. मी धावत त्यांच्या घरी गेले.

"काकी, तुम्हाला इन्व्हाइट पाठवलं होतं ना?"

"मोबाइलवर आला, बगितला. पन बोलवाला कोन आला?"

"इन्व्हाइट म्हणजे बोलावणंच की."

"ती नुसती खबर. बोलवाचा तर उंबऱ्यावर येऊन हातावर अक्षता ठेवाच्या."

मी त्यांच्याकडूनच तांदूळ-कुंकू मागून घेतलं आणि अक्षता त्यांच्या हातावर ठेवल्या. "काकी, या."

"येते. साडी बदलते, तवर आळीतल्या बाकीच्यांना पन बोलव. त्यांना बी खबरच गेलीय."

दोन तासांनी अभ्यासिकेत खुर्च्या पुरेनात.