बंद अणुभट्टी आणि विझलेली आगटी

आमच्या दत्तूची फजिती ऐका की! मंगळवेढ्याला शेतात हुरडा पार्टी झाली. माझे मामाही सुट्टीला आलेले. ते अणुवीज प्रकल्पात नोकरीला. त्यांची जुनी अणुभट्टी कायमची बंद झाली, तरी मामांची ड्यूटी चालूच!

दत्तूनं विचारलंच, "मामा, बंद भट्टीत तुमी करता काय?"

"आतली धग वर्षानुवर्षं राहते रे. सारखं पाणी फिरवावं लागतं."

"बंद म्हंजे बंद! हुरड्याची आगटी बघा, इझली न्हाय का?" म्हणत पठ्ठ्यानं राखेत हात खुपसला. असा बोंबलला की ज्वारीतली पाखरं उडाली!

मामांनी त्याचा हात बादलीतल्या पाण्यात दाबून धरला. म्हणाले, "काढू नको. माझी ड्यूटी हीच हाय!"