कड्यावरची वाट

दाढ ठणकत होती म्हणून शिंपीणबाई दातांच्या दवाखान्यात येऊन बसल्या होत्या. समोर दोन मैत्रिणी बोलत होत्या. बाईंचे कान तिकडेच लागले.

“दर रविवारी डोंगर तुडवायला जातेस, तेही ताईबरोबर? तुमचा तर अबोला आहे ना?”

“आई गेल्यापासून. पण गट दोघींचाही जुना. तिला वाटतं मी सोडावा, मला वाटतं तिने.”

“मग चालता कशा?”

“जंगलात ती सगळ्यांच्या पुढे, मी सगळ्यांच्या मागे. समुद्राकडच्या कड्यावर मात्र वाट अरुंद आहे. तिथे ती नेमकी माझ्या पुढे येते. वारा सुटला की वळून न बघताच हात मागे करते.”

“आणि तू?”

“धरते.”

“बोलत नाही काही?”

“छे! वाट रुंद झाली की सोडते.”

“या रविवारी कुठे?”

“चला शिंपीणबाई, तुमचा नंबर,” नर्सने हाक मारली.

“आधी त्या आजोबांना घ्या,” बाई गाल दाबत म्हणाल्या.

“जंगल ठरलं होतं. पण या वेळी वाट ठरवायची पाळी ताईची. काल तिने सगळ्यांना कळवलं, जंगल नको, कड्यावरच जाऊ.”