तीन डॉक्टरांचं एकमत

पायात खिळा घुसलेला रंगारी दवाखान्यात इंजेक्शनची वाट बघत बसला होता. समोरच्या बाकावर नवरा-बायको होते आणि मधे त्यांची मुलगी.

"अहो, तीन डॉक्टरांना विचारलंत. तिघंही म्हणाले, लस द्या."

"तेच तर खटकतंय. तीन डॉक्टरांचं कधी एकमत झालेलं ऐकलंयस?"

"हिच्या आजारानंतर थांबायला सांगितलेले महिनेही संपले."

"गेल्या वर्षी हिचं हृदय सुजलं होतं गं. लशीनं परत सुजलं तर?"

"मीही तेच विचारलं. न देण्यातच जास्त धोका आहे म्हणाले."

"तुला भीती कशी ती वाटतच नाही!"

"वाटते की. पण भीतीला घरी सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून तिलाही सोबत घेऊन आले."

आपला पाय ठणकतोय, हे रंगारी विसरूनच गेला.

"मग परत घरी जाऊ या?"

"जाऊ ना. लस देऊन."

तेवढ्यात सिस्टरनं हाक मारली. "चला, मुलीला मांडीवर कोण घेतंय?"

नवरा उठला. "मी घेतो."

थोड्या वेळानं आतून आवाज आला.

"अहो, झालं. डोळे उघडा."

"झालं? आणि ही रडली कशी नाही?"

"बाबा, सुई नाही दुखली. तुम्ही धरलाय ना, तो हात दुखतोय."