दगड मी हलवला

मागे उभे आहात ते पुढे येऊन बसा, सतरंजीवर जागा आहे. मला माईकची सवय नाही. काल यांचं तेरावं झालं आणि आज तुम्ही सगळे भुईगावच्या या शाळेत यांच्यासाठी जमलात. वसईहून आलात, विरारहून आलात, काहीजण मुंबईहून आलात. तुमचे आभार मानते. बोलणाऱ्यांच्या यादीत माझं नाव नव्हतं. पाटील सर म्हणाले होते, "वहिनी, तुम्ही नुसत्या बसा, तुम्हाला त्रास नको." म्हणून मी नुसती बसले होते. पण सर आत्ता जे बोलून गेले, त्यानंतर मला बसवेना.

उशिरा आलेल्यांसाठी सांगते. सर म्हणाले, अरविंदरावांनी मुंबईची नोकरी सोडली आणि इथल्या वाडीत पर्माकल्चर उभं केलं. म्हणजे निसर्ग कसा चालतो ते बघायचं आणि घर तसं चालवायचं. पाणी वाया घालवायचं नाही, वीज नाही, पालापाचोळासुद्धा नाही. आता सरांचं आणि तुमचं हे मंडळ आमच्या घरात यांच्या नावाचं केंद्र करणार. दारावर फलक लागणार. दर रविवारी माणसं बघायला येणार. आणि यांचं व्रत सुमनवहिनी पुढे चालवणार. त्यावर टाळ्या वाजल्या. शोकसभेत टाळ्या मी आज पहिल्यांदा ऐकल्या.

सुमनवहिनी म्हणजे मी. मला कुणी विचारलेलं नाही.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं, हे मला कळतं. चांगलं बोलायला तुम्ही चौघे झालात. मी उरलेलं बोलते.

हे एका शिबिराला गेले आणि तिथून एक नकाशा काढून आणला. मध्ये घर. घराभोवती गोल, त्याभोवती आणखी गोल. रोज लागणाऱ्या गोष्टी पहिल्या गोलात, दाराजवळ. कोथिंबीर, मिरची, अळू. कमी लागणाऱ्या लांब. फेऱ्या वाचतात, ताकद वाचते. चांगली युक्ती आहे. माझं माहेर वटारचं, बागायतीतलं. माझ्या आईने नकाशा न काढता अळू मोरीच्या सांडपाण्यावरच लावलं होतं. पण असो.

तर कपडे रोज धुतात. म्हणून कपडे धुवायचा दगड पहिल्या गोलात, स्वयंपाकघराच्या मागे. विहीर वाडीच्या टोकाला. विहिरीपलीकडे केळी. आता बघा हं. पाणी विहिरीतून काढायचं, ते दगडापर्यंत आणायचं. कपडे धुवायचे. मग ते धुण्याचं पाणी बादल्यांत भरून परत विहिरीपलीकडे केळींना न्यायचं, कारण थेंब वाया जाता कामा नये. ने-आण कोण करत होतं? नकाशात ते कुठेच नव्हतं. नकाशात घराच्या जागी एक ठिपका होता. मी त्या ठिपक्यात होते.

तो मोबाईल बंद करा हो कुणाचा असेल तो.

मी यांना म्हटलं, दगड विहिरीजवळ नेऊ. हे म्हणाले, "तत्त्वात बसत नाही." मी म्हटलं, मग अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर बसवू. हे म्हणाले, "वीज वाचवायची म्हणून तर हे सगळं चाललंय." मी विचारलं, आणि माझी ताकद? तेव्हा हे काय म्हणाले ते मी आज सगळ्यांसमोर सांगते. हे म्हणाले, "ती काय, घरचीच आहे."

घरचीच आहे. रागावून म्हणाले नाहीत. अगदी सहज, पेपर वाचता वाचता म्हणाले.

पुढच्या वर्षी हे पाच दिवस पुण्याकडे शिबिराला गेले. ही समोर बसली आहे ती शेजारची मारियाबाय. तिला मी हाक मारली. ती म्हणाली, "वैनी, एवढं पानी डोक्यावर वाहण्यापेक्षा तो धोंडाच उचल ना." आम्ही दोघी, एक पहार आणि नारळाचे दोन ओंडके. दुपारभर ढकलत दगड विहिरीच्या काठाशी नेला. मग केळींपर्यंत पाट काढला. उतार किती द्यायचा ते मला माहीत होतं, वडिलांबरोबर लहानपणी किती पाट काढलेत. संध्याकाळी पहिलं धुणं धुतलं, आणि पाणी आपलं आपण केळींकडे गेलं. आम्ही दोघी तिथेच बसून राहिलो. इतकं हसलो की मारियाबायचा नवरा बघायला आला.

हे परत आले. दगड बघितला. दोन दिवस त्या बाजूला फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी रविवार होता आणि तुम्ही मंडळी आलात. मी चहा देत होते. हे तुम्हाला विहिरीपाशी घेऊन गेले आणि म्हणाले, "इथे आम्ही जमिनीच्या उताराचा उपयोग केला आहे." आम्ही. तुम्ही माना डोलावल्या. पुढे मासिकात यांचा लेख आला, त्यात 'आम्ही'चं 'मी' झालं. आणि आज पाटील सर म्हणाले, "अरविंदरावांच्या प्रतिभेचा कळस म्हणजे तो धुण्याचा दगड."

सर, तो दगड मी हलवला. मी आणि मारियाबायने.

यांच्या सगळ्याच गोष्टींना मी नावं ठेवत नाही. भाताच्या पेंढ्याची पेटी यांनी केली. डाळीला एक उकळी आणायची, भांडं पेंढ्यात दाबून ठेवायचं, तासाभराने डाळ शिजलेली. गॅस वाचायचा आणि मला तासभर पाठ टेकता यायची. पश्चिमेच्या भिंतीवर यांनी वेल चढवला, त्याने उन्हाळ्यात खोली गार राहायची. पंखा लागायचा नाही. आसपासच्या विहिरी टँकरवाल्यांनी उपसून खाऱ्या केल्या, आमची गोड राहिली, कारण यांनी छपराचं पाणी तिच्यात सोडलं होतं. तेव्हा लोक हसले होते. हसणाऱ्यांतले दोघे आज पहिल्या रांगेत बसले आहेत.

आणि तुम्ही? दहा वर्षं तुम्ही येत होता. माझ्या हातचं जेवलात, फोटो काढलेत, वहीत लिहून घेतलंत. घरी जाऊन काय केलंत? पाटील सर, तुमच्या नातवाच्या मुंजीला मी आले होते. तुमच्या गच्चीवरची टाकी भरून वाहत होती, जेवणाची पंगत उठेपर्यंत वाहत होती. कुणी उठलं नाही. आणि व्रत मी चालवायचं? मागच्या पावसाळ्यात विहिरीपाशी घसरून माझी कंबर गेली. डॉक्टरांनी सांगितलं, वजन उचलायचं नाही. तीन महिने आमचं पाणी मारियाबायने काढलं. तुमच्यापैकी एकाने बादलीला हात लावला का? वाचवणं वाचवणं म्हणता, ते दुसऱ्याच्या कंबरेवर उभं असेल तर त्याला मी वाचवणं म्हणत नाही.

म्हणून आता स्पष्ट सांगते. फलक लागणार नाही. घर माझं आहे, तिथे केंद्र होणार नाही. गुरुवारी मोटर बसणार आहे, रोज अर्धा तास चालेल, तेवढा खर्च मी पेटीतून आणि वेलातून कधीच भरून काढला आहे. ज्याला शिकायचं आहे त्याने यावं. येताना आपला डबा आणावा. आपलं पाणी आपण काढावं.

माझा राग तुम्हाला दिसतोय. तो तुमच्यावर आहेच. पण जास्त यांच्यावर आहे. माझी कंबर गेली त्यानंतर हे बदलले होते. सकाळी माझ्या आधी उठायचे. दोन-तीनदा माझ्यासमोर येऊन उभे राहिले, तोंड उघडलं, आणि चहाचंच काहीतरी विचारून गेले. मला माहीत होतं यांना काय म्हणायचं आहे. मी मदत केली नाही. म्हटलं, स्वतःहून बोलू देत, घाई काय आहे. बत्तीस वर्षं संसार केला, आणखी दोन-चार महिने थांबू. आणि त्या मंगळवारी हे झोपाळ्यावर बसल्या बसल्या गेले. छातीत कळ आली म्हणाले, तेवढंच. जे ऐकायला मी थांबले होते, ते तसंच राहिलं.

आता उभे राहा. श्रद्धांजलीचे मोठे शब्द मला येत नाहीत. यांना माझा नमस्कार. मला यांच्याकडून एक वाक्य ऐकायचं होतं. ते आता येणार नाही, हे मला कळतं. तरी दोन मिनिटं कुणी काही बोलू नका.