कुऱ्हाडीवरचं रक्त

गोरखपुरहून रांझीला जाणाऱ्या सिटी बसमध्ये माझ्यापुढच्या सीटवर दोघीजणी बसल्या होत्या.

"जय भीम, शेवंतामावशी. देवीदासभैयाचा काही पत्ता लागला का?"

"लागला, हेमलता. जंगलात हाडं सापडली होती ना, ती त्याचीच निघाली. माझं रक्त घेऊन लॅबवाल्यांनी जुळवून पाहिलं."

"माय वो! कोणी मारलं?"

"त्याच जंगलात सांबराची शिकार झाली होती. पोलिसांना एक कुऱ्हाड सापडली. तिच्यावर सांबराचं रक्त होतं अन् माणसाचंही. माणसाचं होतं ते देवीदासचं."

"अन् कुऱ्हाड कोणाची?"

"आमच्या विष्णूची."

"सख्ख्या भावाची?"

"देवीदास फॉरेस्ट गार्ड होता, बाई. शिकार करताना भावाला पाहिलं अन् अडवलं."

"पण विष्णूभैया तर तुमच्यासंग त्याला शोधत फिरून राहिले होते!"

"आठ महिने फिरला. रक्त द्यायलाही त्यानंच नेलं मले. नाही कसं म्हणणार होता?"

"आता कुठून येऊन राहिल्या?"

"जेलातून. आज मुलाकात होती."

"काय म्हणाले?"

"म्हणे, आई, तू रक्त काहून दिलं?"

"मंग तुम्ही?"

"माझ्याच्यानं त्याच्याकडे पाहवलं नाही, अन् तिथून उठवलंही नाही."