आढीत ठेवलेला लॅपटॉप

—नाही ओ दादा, पडलाबिडला नाही, पाणीपण सांडलं नाही. नुसता तापला, आतला फॅन घर्रघर्र करायला लागला आणि स्क्रीन काळी. धूळच असणार, दुसरं काय? आमचं घर रस्त्याला लागून — काय निघालं? काडी? बघू... अगोबाई, हा तर भाताचा पेंढा. आता लॅपटॉपात पेंढा कुठून — बरं, सांगते. माझा नाही हा. शेजारच्या अक्षयाचा. सगळी दापोलीला लग्नाला गेली, जाताना म्हणाली, "काकू, घर बंद राहील, हा तुमच्याकडे सांभाळा." मी एकटी बाई, मागचं दार नुसत्या कडीवर. कुठे ठेवणार? ठेवला आंब्याच्या आढीत. हसू नका! चोर आधी कपाट फोडतो. आढीत हात घालून कच्चे आंबे कोण नेतो? खाली पेंढा, मग आंबे, मग हा, वर परत पेंढा आणि गोणपाट. मिटलेला होता ओ, म्हणजे बंदच की — नाही? सेटिंग तसं असेल तर मिटूनही चालू राहतो? मग दोन दिवस त्या उबाऱ्यात भुसा ओढत बसला होता? देवा महाराजा...

चालू कोणी केला म्हणजे? मीच, आढीत घालायच्या आधी. पासवर्ड ठाऊक होता — ती टाकते तेव्हा मी काय डोळे मिटून बसते? मांजरीचं नाव आणि एक-दोन-तीन. वाईट हेतू नव्हता हो. महिनाभर त्यांच्याकडे कुजबुज, मी उंबऱ्यात पाय टाकला की सगळी गप्प. माझ्यापासून लपवतात! तिला पहिल्यांदा शाळेत मी सोडली, रडत होती म्हणून खिडकीखाली उभी राहिले सुट्टी होईपर्यंत. मी शिकले सातवी, पण एवढं वाचता आलं — उद्या अकराला मुलाखत, ह्याच लॅपटॉपवरून, आणि नोकरी लागली तर बंगळूर. दोन वर्षांचं काम तिचं ह्यात आहे. ते गेलं तर पोरगी कोसळेल ओ. मी कुठल्या तोंडाने समोर जाऊ? जुना फॅन साफ करून चालत नसेल तर नवा घाला, पण आत्ता घाला, पाया पडते तुमच्या—

चालला? खरंच? आवाजपण नाही. आणि तिचं काम? आहे? सगळं?

...

दादा, एक विचारू? परवापर्यंत इथेच राहिला तर? सांगायचं, पार्ट मुंबईहून यायचाय. खोटं थोडंच — येतातच की पार्ट मुंबईहून. उद्याची मुलाखत हुकली तर दुसरी येईल, इथेच येईल एखादी, रत्नागिरीत काय ऑफिसं नाहीत? आमचा मुलगा, ओमकारपण असाच एका मुलाखतीला गेला. सात वर्षं झाली. आता शिमग्याला येतो, दोन दिवस, तेही पालखी नाचवून झाली की मोबाइलात तोंड. संध्याकाळी माझ्या दारात येऊन "काकू, जेवलात का?" विचारणारी ही एकटीच उरलीय. मी नाही म्हटलं तर समोर बसून जेवायला लावते. ती गेली की मी कोणासाठी — असे काय बघता? शिव्या घाला हवं तर.

थांबा, तिचाच फोन. हॅलो... हो गो. हातखंब्याला पोचली तुझी बस? एवढ्यात?... लॅपटॉप ना... अगो, तो... ऐक, ओरडू नकोस. बिघडला होता. मीच बिघडवला. आढीत ठेवलेला... आंब्याच्या, हो... झालाय दुरुस्त, तुझं सगळं आहे त्यात, ह्या दादांनी बघितलं. उघडूनपण बघितला मी... हो, वाचलं... अक्षया?... अक्षया, रडतेस कशाला? मी काय अडवतेय तुला?

ठेवला तिने. दादा, द्या तो इकडे. पिशवीत नको, हातात द्या. आणि मघाशी परवाचं काय ते बोलले, ते तुम्ही ऐकलं नाहीत. सरका, बस स्टँडला लागेल आता.