एकखणी आप्पा

मंडळी, बसून घ्या. मागे उभे आहेत त्यांनी पुढे यावं, सतरंजीवर जागा आहे. रांजणगावहून फर्स्ट शिफ्ट संपवून आप्पांचे सोबती थेट आले आहेत, त्यांना भिंतीला टेकायला जागा द्या.

मला बोलायला सांगितलं आहे. शाळेत छत्तीस वर्षं बोलले, आज पहिलं वाक्य सापडत नाही. खुटबावच्या यात्रेतल्या नाटकाला मी वीस वर्षं विंगेत पुस्तक धरून बसले. कुणी अडलं की वाक्य द्यायचं, हे माझं काम. आज मी अडले आहे आणि विंगेत कुणी नाही.

सोपानआप्पा गेले. ते चांगले होते, हे तुम्हाला ठाऊक आहे. ते मी सांगत बसणार नाही. मला एक शब्द मागे घ्यायचा आहे. तो तुमच्यासमोर बोलले होते, म्हणून तुमच्यासमोरच मागे घेणार.

मागचा फ्लेक्स बघा. पोरांनी प्रेमाने छापलाय. ‘एकखणी आप्पा यांना भावपूर्ण श्रद्धांजली.’ हे नाव कुणी दिलं? मी दिलं.

नव्या लोकांना सांगते. त्या वर्षी आमच्या नाटकात आप्पा थोरला भाऊ होते. भाऊ घर सोडून निघतो, बहीण अडवते, असा प्रवेश. तालमीत मी सगळ्यांना सांगितलं, आपल्या पात्राच्या मनात काय काय चाललंय ते लिहून आणा. कुणी दोन पानं आणली, कुणी तीन. आप्पा कंपनीची बस उतरून तसेच तालमीला आले. खिशातून गेटपासचा तुकडा काढला. मागे एकच ओळ. ‘मला जायाचं हाय.’

मी विचारलं, बाकी? राग, लाज, आईची आठवण? आप्पा म्हणाले, बाकी काय न्हाई. तेव्हा सगळ्यांसमोर मी म्हटलं, “आप्पा, तुमचं डोकं म्हणजे एकखणी घर आहे, एकच खोली.” सगळे हसले. आप्पाही हसले. आणि ते नाव गावभर झालं.

मी असं का म्हटलं? मी पुण्याला बी.ए. केलं. मानसशास्त्र होतं. त्यात शिकवायचे, काही माणसं दुसऱ्याकडे एकाच बाजूने बघतात, ती साधी विचारशैली. काही माणसं दहा बाजूंनी बघतात, एकमेकींविरुद्ध जाणाऱ्या गोष्टीही एकत्र धरतात, ती गुंतागुंतीची. दुसरी वरची, असं मी धरून चालले. पेपरात तसं लिहिलं, मार्क मिळाले. आप्पांना मी पहिल्या रकान्यात टाकलं आणि विषय संपवला.

मग प्रयोग आला.

आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. बहिणीचं काम करणारी बाई बाहेरून येते, प्रयोगाच्या दिवशीच. तालीम नाही. तीच बाई तेच नाटक गावोगाव करते. आणि प्रत्येक गाव ते नाटक आपल्या सोयीने कापतं, कारण मध्ये पाहुण्यांचे सत्कार बसवायचे असतात. आम्ही आईच्या पत्राचा भाग कापला होता. पुस्तकात लाल पेन्सिलीने रेघ मीच मारली होती. ती बाई आठ दिवसांपूर्वी भांडगावात तेच नाटक करून आली होती. भांडगावकरांनी पत्र ठेवलं होतं, दुसरंच काही कापलं होतं. तिला हे सांगायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. ते काम माझं होतं.

आप्पा पिशवी खांद्याला लावून निघाले. बाई आडवी आली आणि म्हणाली, “दादा, आईचं पत्र वाचलंस का?”

कुठलं पत्र? आमच्या नाटकात पत्रच नव्हतं. मी पानं उलटायला लागले. प्रत्येक पानावर समासात माझी टिपणं, हा हेतू, तो हेतू. त्या गर्दीत मला ओळ दिसेना. घाईत मी पुढच्या प्रवेशातलं वाक्य दिलं. चुकीचं. आप्पांनी ते घेतलं नाही. त्यांनी बाईकडे बघितलं. पिशवी खाली ठेवली.

“नाही वाचलं,” ते म्हणाले. “वाचलं तर पाय निघणार नाही.”

बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, “मग जाऊच नकोस.” ती ओळ आम्ही ठेवलेल्या भागात होती. गाडी रुळावर आली. तुमच्यातल्या कुणालाही काही चुकलंय हे कळलं नाही. हो ना?

दुसऱ्या दिवशी मी आप्पांच्या ओट्यावर हजर. विचारलं, मूळ नाटक वाचलं होतं का? ते म्हणाले, “पुस्तक कुठं वाचतोय मी. ती मला थांबवाया आली हुती. पत्र घिऊन आली काय आन् मोकळी आली काय.”

मग मी त्यांची परीक्षाच घेतली. नाटकात नऊ पात्रं. एकेकाचं विचारत गेले. प्रत्येकाचं एकच वाक्य त्यांनी सांगितलं. आणि ते वाक्य कोण आत आल्यावर बदलतं, तेही सांगितलं. पाण्याचा तांब्या आणणारा गडी आहे, त्याला तोंडी एक शब्द नाही. मी म्हटलं, याचं? आप्पा म्हणाले, “त्याला कुणीतरी ‘बस’ म्हनावं, असं वाटतं.” माझ्या समासात त्या गड्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

मी विचारलं, एवढं सगळं एका वेळी डोक्यात कसं ठेवता? ते म्हणाले, “एका येळी एकच, बाई. पर कुणाचं, ते बदलत ऱ्हातं.”

सांगा, हा माणूस कुठल्या रकान्यात घालायचा? साधा की गुंतागुंतीचा? मी अजून विचार करते आहे. एवढं नक्की, की त्या दिवशी गुंतागुंत माझ्या हातात होती आणि हरवले मी.

हे मी तेव्हाच बोलायला हवं होतं. बोलले नाही. शाळेच्या बाईंची चूक झाली, असं कोण म्हणवून घेणार? नाव चालू राहिलं.

मागच्या महिन्यात दौंडला दवाखान्यात गेले. म्हटलं, आप्पा, तो शब्द मी मागे घेते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. स्टेजवर त्या बाईकडे बघितलं होतं तसंच. म्हणाले, “माफी मागाया न्हाई आला तुम्ही. मी कसं करतो ते इचाराया आलाय.”

खरं होतं. माझी चोरी पकडली. मग म्हणाले, “ऱ्हाऊ द्या ते नाव. एक खण बरा. नवं मानूस आलं की पयल्याला भाईर काढावं लागतं.” तेवढ्यात नर्स आली. तिच्याकडे बघून मला म्हणाले, “सरका बाई. तिला सुई टोचून घरी जायाचंय.”

आणखी विचारायचं होतं. राहून गेलं.

आज सकाळी आप्पांच्या घरी वहिनींना हे सगळं सांगितलं. मला वाटलं, त्यांना अभिमान वाटेल. त्या म्हणाल्या, “ष्टेजवर समद्यांचं कळायचं. घरात मला काय पायजे, ते चाळीस वर्सांत कवा कळलं न्हाई.” हसा, वहिनीही हसल्या. पण मला हा नवाच प्रश्न पडला आहे. हे कसब घरात का चालत नव्हतं? हे विचारायला आता आप्पा नाहीत.

फ्लेक्सवरच्या नावावर कागद चिकटवा, असं मी पोरांना सांगितलं होतं. आप्पांच्या मुलीने अडवलं. म्हणाली, राहू द्या, आप्पांना आवडायचं. तर राहू दे. पण यापुढे ते नाव घ्याल तेव्हा त्याचा अर्थ आप्पांनी सांगितला तो घ्या. मी लावलेला अर्थ चूक होता. तो मी मागे घेते.

आता उभे राहा. एंट्रीच्या आधी आप्पा विंगेत माझ्या शेजारी उभे असायचे. ओठ हलत नसत, वाक्यं घोकत नसत. मला वाटायचं, डोकं रिकामं आहे. आता वाटतं, ते रिकामं करत होते. आपण दोन मिनिटं तसं उभं राहू. डोळे मिटू नका. वहिनी पुढे बसल्या आहेत. त्यांना आत्ता काय हवंय, एवढं एकच मनात धरा, स्वतःचं बाहेर ठेवा. आप्पांना घरात जमलं नाही ते आपल्याला जमतं का, बघू.

आप्पा, नमस्कार.